घडविलेला गळा

कामगार चळवळीतल्या माणसाने गाण्याच्या ध्वनिमुद्रणावर बोलावे, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. आमचा गाण्याशी संबंध म्हणजे सभेच्या आधी शाहिराला वेळ करून देणे, एवढाच, असा लोकांचा समज असतो. परंतु आम्ही यंत्रमागांच्या ज्या वस्तीत काम करतो, तेथे माग बंद पडल्यावर घरातली पोरे काय करतात याची चौकशी करताना एक नवा धंदा आमच्या नजरेस आला. दहा बाय दहाच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगून, एक संगणक, एक मायक्रोफोन आणि कानाला हेडफोन एवढ्या भांडवलावर ही मुले लोकांची गाणी 'साफ' करून देतात. लग्नाची गाणी, गणपतीची गाणी, निवडणुकीची गाणी. गाणारा कोणी दुसराच असतो. तो येतो, तेच कडवे पाच-सहा वेळा गातो आणि जातो. पुढची सबंध रात्र या मुलांची. हे काम मुळात कोठून आले, त्याचे दाम कोणी ठरविले आणि त्यावर नाव कोणाचे लागते, हा आमच्या आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

काम काय असते ते आधी सांगितले पाहिजे. नाहीतर ही नुसती बटणे दाबण्याची करामत आहे असे वाटायचे. पाच वेळा गायलेल्या कडव्यातली पहिली ओळ तिसऱ्या खेपेची, दुसरी पहिल्या खेपेची आणि एखादा शब्द पाचव्या खेपेचा, असे वेचून एक अखंड गायन जुळवायचे. सांधा श्वासाच्या जागी किंवा 'स', 'श' अशा खरखरीत व्यंजनावर घालायचा, म्हणजे कानाला कळत नाही. लांबविलेल्या स्वराच्या मधोमध कापले तर टिचकी वाजल्यासारखे ऐकू येते. श्वासही सगळे काढायचे नाहीत. सगळे काढले तर गाणारा माणूस नव्हे, पुतळा वाटतो. ते नुसते हलके करायचे. पंख्याची आणि रस्त्याची घरघर बहुतेक सेकंदाला शंभर कंपनांच्या खाली असते, ती गाळायची. 'स'काराची शीळ पाच ते आठ हजार कंपनांच्या आसपास टोचते, ती तेवढ्या क्षणापुरती दाबायची. कुजबुज वर उचलायची, आरोळी खाली बसवायची. गोधड्यांमुळे आवाज कोरडा झालेला असतो, त्याला थोडा घुमारा द्यायचा. आणि शेवटी वाद्यांच्या मधे त्याला जागा करून द्यायची, म्हणजे पुष्कळदा गळ्याला हात न लावता वाद्यालाच जरा बाजूला सारायचे. या सगळ्यात मूळ मुद्रण जसेच्या तसे राहते. कोठून कोठवर आणि कसे वाजवायचे, याची टिपणे तेवढी संगणक ठेवतो. कागदावर पेन्सिलीने खुणा कराव्यात आणि हव्या तेव्हा पुसाव्यात, तसे हे आहे.

आता मागे जाऊ. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ काढला तेव्हा यातले काहीच शक्य नव्हते. कर्ण्यासमोर तोंड घालून ओरडायचे, आणि जे उमटले ते उमटले. फ्रेड गैसबर्ग १९०२ साली कलकत्त्यास आला आणि त्याने गौहर जान यांचे गाणे मेणावर घेतले, त्या वेळीही रीत हीच होती. सारी मिसळण अंतराची: मोठा स्वर आला की गाणाऱ्याने मागे सरकायचे, बारीक आला की पुढे वाकायचे. मेणाच्या मूळ प्रती जर्मनीत हानोव्हरला जात आणि तेथे तबकड्या निघत. तेथल्या कारखान्यातल्या माणसाला गाणारी कोण हे कळावे म्हणून गौहर जान गाणे संपताच आपले नाव स्वतःच मोठ्याने सांगत. ही गोष्ट श्रोत्यांनी लक्षात ठेवावी. पहिल्या तबकड्यांत आवाज आपल्या धनिणीचे नाव बरोबर घेऊन फिरत होता.

१९२५ साली विजेवरचे ध्वनिमुद्रण आले. मायक्रोफोन आला, आणि ओरडण्याची गरज संपली. कानाशी बोलल्यासारखे गाणारे गायक त्यानंतरचे. पण तबकडी अजून कापता येत नव्हती. एक चूक झाली की सारे वाद्यवृंदासकट पुन्हा पहिल्यापासून.

येथे आमच्या चळवळीचा इतिहास या इतिहासात शिरतो. तबकड्या आणि रेडिओ यांनी अमेरिकेतल्या हॉटेलांतून व नाट्यगृहांतून वाजविणाऱ्या हजारो वादकांचे पोट मारले होते. वादकाला एकदा पैसे देऊन मुद्रण करायचे आणि तेच पुढे त्याच्याच नोकरीवर घालायचे! आपल्याच हाताने केलेली वस्तू आपल्याच जागी उभी राहते, हा अनुभव गिरणगावाला अपरिचित नाही. त्यांच्या संघटनेचे, अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्सचे, अध्यक्ष जेम्स पेट्रिलो यांनी १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला. युद्ध चालू, वर्तमानपत्रे विरुद्ध, पुढे खुद्द अध्यक्ष रूझवेल्ट यांनी विनंती केली. तरी पेट्रिलो हलले नाहीत. मागणी साधी होती. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक तबकडीमागे काही रक्कम संघटनेच्या निधीत यावी आणि त्या निधीतून बेकार वादकांना जाहीर मैफलींचे काम मिळावे. डेक्का कंपनी सप्टेंबर १९४३ मध्ये वाकली. व्हिक्टर आणि कोलंबिया या दोन बड्या कंपन्या ११ नोव्हेंबर १९४४ रोजी वाकल्या. सव्वादोन वर्षे संप टिकला.

पण या विजयात एक छिद्र होते. गायक त्या संघटनेचे सभासद नव्हते. कंपन्यांनी लगेच डाव टाकला: वाद्ये नाहीत तर नकोत, गायकांच्या मागे गायकच उभे करा! १९४३ साली फ्रँक सिनात्रा यांची अशीच गाणी निघाली. मागे वाद्यवृंदाऐवजी केवळ कंठांचा ताफा. लोकांना ती आवडली. संपापूर्वी तबकडीवर बँडच्या नायकाचे नाव ठळक आणि गायकाचे बारीक असे. संपानंतर ते उलटे झाले. त्याला इतरही कारणे होती, परंतु संपाने त्या बदलाला हात दिला यात शंका नाही. एका कारखान्यात दोन संघटना असल्या किंवा एका खात्याला संघटनेबाहेर ठेवले, तर मालक कोठून वाट काढतो, याचा याहून चांगला धडा आम्हांला कोठे सापडलेला नाही. आज ध्वनिमुद्रणात गळा मध्यभागी आणि वाद्ये त्याच्या सेवेला, ही जी मांडणी आपण स्वाभाविक समजतो, तिच्यात या फुटीचाही वाटा आहे.

संप संपला तोवर दुसरे यंत्र दारात उभे होते. जर्मनीच्या ए.ई.जी. कंपनीने १९३५ साली बर्लिनच्या प्रदर्शनात चुंबकीय फितीचे यंत्र मांडले होते. १९४५ साली जॅक मलिन नावाच्या अमेरिकन सैन्यातल्या तंत्रज्ञाला अशी सुधारलेली यंत्रे हाती लागली. त्याने दोन यंत्रे आणि पन्नास फिती घरी धाडल्या. बिंग क्रॉस्बी या गायकाला रेडिओवर थेट गाण्याचा कंटाळा होता. १९४७ पासून त्याचा कार्यक्रम फितीवर घेतला जाऊ लागला. फीत ब्लेडने कापता येते आणि चिकटविता येते! ध्वनिमुद्रणात कात्री आली ती येथे.

कात्री आणि जोडकाम आले तशी आवाजाच्या मालकीची भानगडही वाढली. १९५२ साली लंडनमध्ये वाग्नरच्या 'ट्रिस्टान'चे मुद्रण झाले. किर्स्टेन फ्लॅगस्टाड या थोर गायिकेचे वय पन्नाशीच्या पुढे. अगदी वरचे स्वर आता नकोत असे त्यांना वाटे. ते मोजके स्वर एलिझाबेथ श्वार्झकॉफ यांनी गायले. गोष्ट पुढे फुटली आणि टीकाकारांनी मोठाच गहजब केला. आमचे मत विचाराल तर त्यात पाप काहीच नव्हते. पाप असेल तर ते वेष्टनावर न छापण्यात होते.

त्याच सुमारास ध्वनिमुद्रण घरात आले ते लेस पॉल आणि त्यांची पत्नी मेरी फोर्ड यांच्यामुळे. पॉल हा गिटारवादक, पण हाडाचा मेकॅनिक. क्रॉस्बीने त्याला एक फीतयंत्र भेट दिले. त्याने त्याला आणखी एक मुद्रणशीर्ष जोडले आणि आधी घेतलेल्या गाण्यावर नवे गाणे चढविण्याची सोय केली. मेरी फोर्ड आपल्याच आवाजाबरोबर आपणच साथ गाऊ लागल्या. १९५१ साली गाजलेले 'हाऊ हाय द मून' हे असेच राहत्या घरी केलेले. यात मेहनत केवढी, पाहा: प्रत्येक नवा थर चढताना जुनी फीत पुसली जाई. अकराव्या थराला चूक झाली की आधीचे दहाही गेले. शिवाय दर थराला आधीचा आवाज मळत जाई, म्हणून कमी महत्त्वाचे आधी घ्यायचे आणि मुख्य गळा शेवटी. पुढे १९५७ साली अँपेक्स कंपनीने पॉलना आठ स्वतंत्र पदरांचे यंत्र दिले. किंमत दहा हजार डॉलर. वेगवेगळे पदर आले तेव्हा, प्रत्येकाची मात्रा मागाहून ठरविता येते अशी, आजच्या अर्थाची मिसळण सुरू झाली.

मुंबईला हे उशिरा पोचले. पन्नास-साठच्या दशकांत मेहबूब, फेमस यांसारख्या स्टुडिओंत सारा वाद्यवृंद आणि गायक एकदमच वाजवीत व गात. १९४९ च्या 'महल' चित्रपटातल्या 'आएगा आनेवाला' या गाण्यात आवाज दुरून जवळ येत जातो. तो परिणाम लता मंगेशकर यांनी कोपऱ्यातून गात गात मायक्रोफोनपर्यंत चालत येऊन साधला. आज आमच्या वस्तीतला पोरगा हेच काम बसल्या जागी करतो. आणि त्या गाण्याच्या पहिल्या तबकडीवर गायिकेचे नाव कोणते होते? पात्राचे: कामिनी. गौहर जान यांनी आपले नाव ओरडून सांगितले त्याला तोवर सत्तेचाळीस वर्षे झाली होती.

ही जर गायिकेची कथा, तर वादकांची काय सांगावी! शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना लिहिणारे सेबॅस्टियन डिसोझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस आणि त्यांच्याबरोबरचे कितीतरी गोमंतकीय. त्यांची नावे तबकडीवर शोधूनही सापडत नाहीत. साठच्या दशकाच्या आरंभी लताबाईंनी गायकांना विक्रीतला हिस्सा मिळावा अशी मागणी केली. महंमद रफी यांचे म्हणणे पडले की, एकदा मोबदला घेतला म्हणजे हक्क संपला. दोघे काही वर्षे एकत्र गायले नाहीत. रफीसाहेब सज्जन गृहस्थ होते. परंतु ते म्हणणे हे रोजंदारीवरच्या माणसाचे म्हणणे होते, आणि या वादात आम्ही लताबाईंच्या बाजूचे आहोत. कायद्याने गायक-वादकांना स्वामित्वधनाचा वाटा मान्य केला तो २०१२ च्या दुरुस्तीने. तोवर ते दोघांचे मिळून गाणे ऐकत दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या.

पुढचे झपाट्याने सांगतो. १९७९ साली टॅस्कॅम कंपनीचे साध्या कॅसेटवर चार पदर घेणारे यंत्र निघाले. १९८२ साली प्रसिद्ध झालेला ब्रूस स्प्रिंगस्टीन यांचा 'नेब्रास्का' हा सबंध संच भाड्याच्या घरात दोन मायक्रोफोनांवर अशा यंत्रावर घेतलेला आहे. स्टुडिओत वाद्यवृंद बसवून तीच गाणी पुन्हा करून पाहिली, ती जमली नाहीत; शेवटी घरची कॅसेटच बाजारात आली. १९९१ साली प्रोटूल्स आले: चार पदर, सहा हजार डॉलर. २००० साली ऑडॅसिटी फुकट मिळू लागले. आणि मधे, १९९७ साली, ऑटोट्यून. त्याचा कर्ता अँडी हिल्डेब्रँड हा तेलाच्या शोधासाठी जमिनीतून परतणाऱ्या लहरींचे गणित करणारा माणूस. लहर दर किती वेळाने स्वतःची पुनरावृत्ती करते हे शोधून काढले की स्वराची उंची कळते, आणि उंची कळली की ती जवळच्या शुद्ध स्वरावर सरकविता येते. लोक या यंत्रावर खोटेपणाचा आरोप करतात. आम्हांला त्यात एवढेच दिसते की, बेसूर गाणाऱ्याला पुन्हा स्टुडिओत बोलावण्याचा खर्च वाचला आणि ते काम दुसऱ्या कोणाच्या तरी रात्रीवर ढकलले गेले. मिंड आणि आंदोलन यांवर मात्र ते हयगय करीत नाही; नीट न आवरल्यास आपल्या गाण्यातला जीवच सपाट करून टाकते. मुलेही हे जाणतात. "काका, भजनाला ते हळू लावायचं असतं," असे त्यांतल्या एकाने आम्हांला सांगितले, आणि सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जुन्या साचेवाल्याची ऐट होती.

उत्पादनाचे साधन कामगाराच्या हाती आले पाहिजे, असे आम्ही आयुष्यभर व्यासपीठावरून सांगत आलो. येथे ते आलेले आहे. संगणक त्याचा, खोली त्याची, कसब त्याचे. मग तो स्वतंत्र झाला का? यंत्रमागवाल्यांना 'खर्चीवाला' हा शब्द समजावून सांगायला नको. माग स्वतःचा, वीजबिल स्वतःचे, पण सूत व्यापाऱ्याचे आणि मजुरी पिकावर व्यापारी ठरवील ती. हा पोरगा आवाजाचा खर्चीवाला आहे. दर गाण्यामागे ठरतो, दुरुस्त्या कितीही करून मागितल्या तरी दर तोच, आणि नाव छापले जाते गायकाचे व पैसे लावणाऱ्याचे. लेस पॉलने स्वतःच्या घरात स्वतःचे गाणे केले. हा स्वतःच्या घरात दुसऱ्याचे करतो. दोन्ही ठिकाणी घर आणि यंत्र आपलेच असले, तरी हा फरक फार मोठा आहे. स्टुडिओत निदान दहा माणसे एके ठिकाणी चहा पीत, आणि संघटना चहाच्या टपरीवर सुरू होते. एकेकट्या खोलीत हेडफोन लावून बसलेल्या माणसांना गोळा कोठे करायचे, हा आमच्यापुढचा रोजचा प्रश्न आहे. सध्या आम्ही एवढेच केले आहे की, वस्तीतल्या मुलांना एकत्र बसवून किमान दर, दोनच फुकट दुरुस्त्या आणि गाण्याखाली नाव, असे तीन कलमांचे टिपण त्यांच्याकडून लिहून घेतले. काहींनी सह्या केल्या, काहींनी गिऱ्हाईक जाईल म्हणून केल्या नाहीत.

इतक्यात गायकाचीही जरूर नाही असे सांगणारे यंत्र आले आहे. जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्राने केलेली नक्कल थांबविण्याचा अंतरिम हुकूम मुंबई उच्च न्यायालयाला द्यावा लागला. नामवंताला वकील करता येतो. त्याच्या आधीच्या वर्षी अमेरिकेतल्या नटांच्या संघटनेने ११८ दिवस संप करून, संमतीवाचून आणि मोबदल्यावाचून सभासदाची यांत्रिक प्रतिकृती वापरायची नाही, असे कलम करारात घालून घेतले. आम्ही त्या कलमाचे मराठी करून आमच्या मुलांच्या टिपणाला चौथे म्हणून जोडले आहे. परवाच्या रविवारी त्यावर बैठक आहे.