बंद उपाहारगृह, चालू कॉम्प्रेसर

आगीच्या आठ वर्षं आधी, 1972

लास व्हेगासमध्ये एमजीएम ग्रँड या 26 मजली हॉटेलचं बांधकाम चालू आहे. दोन हजारांहून अधिक खोल्या, तळाशी प्रचंड कॅसिनो, कॅसिनोला लागून उपाहारगृहं. कॅसिनोतही स्प्रिंकलर बसवा, असा अग्निशमन खात्याचा आग्रह आहे. त्याचा खर्च 1,92,000 डॉलर. सबंध हॉटेलवर दहा कोटी डॉलरांहून जास्त पैसा ओतला जातोय, तरी मालकमंडळी या रकमेला नकार देतात.

त्यांचं म्हणणं असं: कॅसिनो आणि ‘द डेली’ हे उपाहारगृह चोवीस तास उघडं राहणार. तिथे सतत माणसं असणार. आग लागलीच तर कुणाच्या तरी लगेच लक्षात येईल. बांधकामाच्या नियमांत अशा सतत वापरातल्या जागांना सवलत होती. काउंटीच्या इमारत खात्यातला अधिकारी हॉटेलची बाजू घेतो आणि सवलत मंजूर होते.

हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ होता असं मी म्हणणार नाही. जागं माणूस हे आगीची वर्दी देणारं चांगलं साधन आहे. पण मग ते साधन रोज, प्रत्येक पाळीत जागेवर आहे की नाही, हे कुणीतरी तपासायला हवं. स्प्रिंकलरचा दाब तपासतात, तसंच.

5 डिसेंबर 1973

हॉटेल उघडतं.

मधली वर्षं

कधीतरी ‘द डेली’ चोवीस तास चालवणं बंद होतं. रात्री दिवे मालवून, खुर्च्या आवरून लोक घरी जातात. धंद्याच्या हिशेबाने यात वावगं काहीच नाही. पण ज्या अटीवर स्प्रिंकलरची सूट मिळाली होती, ती अट त्या रात्रीपासून संपली. सूट मात्र फाइलमध्ये तशीच राहिली. वेळ बदलली म्हणून कुणी नवा अर्ज केला नाही, कुणी येऊन छताकडे पाहिलं नाही. या सगळ्या घटनाक्रमात मला सर्वांत जास्त सलते ती ही जागा, कारण इथे कुणी काही चुकीचं ‘केलं’ नाही. फक्त पुन्हा कुणी पाहिलं नाही.

आगीच्या कित्येक महिने आधी

उपाहारगृहात पेस्ट्री ठेवायचं काचेचं थंड कपाट आहे. त्याच्या कॉम्प्रेसरपर्यंत थंडावा देणाऱ्या गॅसच्या तांब्याच्या नळ्या जातात, आणि त्यांच्याच सोबतीने विजेच्या तारांचा लवचीक अॅल्युमिनियमचा कंड्युट. दोन्ही भिंतीच्या वरच्या बंद पोकळीतून नेलेले, एकमेकांना टेकलेले.

कॉम्प्रेसर दिवसरात्र थरथरतो. त्या थरथरीने नळी आणि कंड्युट एकमेकांवर घासतात. शिवाय तांबं आणि अॅल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना लागले की अॅल्युमिनियम खाल्लं जातं. थंड नळीवर दव धरतंच, त्यामुळे ओलावा तिथे आयताच आहे. हळूहळू कंड्युट झिजतो, आतल्या तारेचं आवरण झिजतं, उघडी तार धातूला लागते.

एवढ्यावरही वाचता आलं असतं. अर्थिंग नीट असतं तर तार धातूला लागताच भरपूर करंट वाहून ब्रेकर पडला असता आणि सकाळी कपाट बंद पडल्याची तक्रार तेवढी आली असती. पण इथे अर्थिंगसाठी वेगळी तार नव्हती. सगळी भिस्त कंड्युटवर, आणि त्याचे सांधे धड नव्हते. ब्रेकर पडावा एवढा करंट वाहत नाही आणि वाहतो तो थांबत नाही, अशी मधलीच अवस्था. कंड्युट तापत राहतो.

व्यावसायिक स्वयंपाकघर तपासायला आलेला माणूस आधी भट्टीकडे जातो, तळणीकडे, चिमणीत साचलेल्या तेलकटाकडे. ते बरोबरच आहे, बहुतेक आगी तिथेच लागतात. फ्रीजच्या मागे मात्र क्वचितच कुणी वाकतं. आणि चोवीस तास चालू राहणारं, सतत हलणारं यंत्र नेमकं तेच असतं. मेगर लावून तारांचं इन्सुलेशन पाहणं आणि अर्थिंगची सलगता मोजणं हे वायरमनचं थोड्या वेळाचं काम. त्यासाठी आधी पोकळीचं झाकण उघडावं लागतं, इतकंच.

शुक्रवार, 21 नोव्हेंबर 1980, पहाट

‘द डेली’ बंद आहे. भिंतीच्या पोकळीत लाकूड कित्येक तास धुमसतंय. हॉटेलात सुमारे 5,000 माणसं आहेत, बरीचशी झोपलेली. कॅसिनोत रात्रभर जागलेले काही जण अजून टेबलांवर आहेत.

सकाळी 7 वाजून काही मिनिटं

फरशीकाम करणाऱ्यांचा मुकादम उपाहारगृहात शिरतो. त्याला आत काहीतरी लुकलुकताना दिसतं. जवळ जाऊन पाहतो तर काउंटरपासून छतापर्यंत ज्वाळांचा पडदा. तो सुरक्षारक्षकांना कळवायला धावतो. परत येऊन आग विझवायचा प्रयत्न करतो, तेव्हा धूर आणि झळ त्याला मागे ढकलते.

‘कुणाच्या तरी लक्षात येईल’ असं 1972 मध्ये सांगितलं होतं. लक्षात आलंही, पण छत पेटल्यावर. स्प्रिंकलरची तोटी साधारण 70 अंशांना उघडते. तिला कुणाचं लक्ष जायची वाट पाहावी लागत नाही.

7:17

अग्निशमन दलाला फोन जातो. केंद्र अगदी जवळ आहे, पहिली गाडी पाहता पाहता पोहोचते. जवान कॅसिनोत शिरतात. थोडं आत गेल्यावर समोरून, छताला धरून, काळा धूर लोळत येताना दिसतो आणि त्यांना मागे फिरावं लागतं.

7:20 च्या सुमारास

आग उपाहारगृहातून कॅसिनोत फुटते. छताच्या फरशांचा डिंक, प्लॅस्टिकची सजावट, खुर्च्यांतला फोम, भिंतींवरची आवरणं असा सगळा सरंजाम तिच्यासाठी तयारच असतो. वेग सेकंदाला 15 ते 19 फूट. धावणाऱ्या माणसालाही तिच्यापुढे राहणं कठीण. दिसल्यापासून दहा-पंधरा मिनिटांत ती दर्शनी दारांतून बाहेर पडलेली असते.

जिथे स्प्रिंकलर होते, त्या भागांच्या हद्दीवर मात्र ती अडली. एकाच इमारतीत, एकाच सकाळी.

7:20 नंतर, वरचे मजले

ज्वाळा वर गेल्या नाहीत, धूर गेला. लिफ्टचे बोगदे, जिने, भूकंपासाठी इमारतीत सोडलेले उभे सांधे आणि हवेच्या डक्ट, सगळीकडून. डक्टमध्ये डँपर बसवलेले असतात. उष्णता लागली की त्यांनी आपोआप मिटायचं असतं. इथले काही मिटलेच नाहीत. डँपर छताच्या आत असतो, वर्षानुवर्षं कुणाच्या नजरेस पडत नाही. तो हलतो की अडकलाय, हे हाताने चालवून पाहिल्याशिवाय कळतच नाही. बसवल्याचं बिल असणं आणि तो मिटणं यात फार अंतर आहे.

मनोऱ्यात धोक्याची घंटा वाजली नाही. धुराचा वास, खिडकीबाहेरचा गोंगाट, शेजाऱ्यांचा आरडाओरडा, यांनी लोक जागे झाले. काही जण जिन्यात शिरले. जिन्याची दारं आतून बाहेर पडताना उघडत, पण मागे लागली की जिन्यातून परत मजल्यावर येता येत नसे. खालून धूर चढतोय, आणि मागचं दार बंद. काहींना मृत्यू त्या जिन्यात आला, काहींना लिफ्टमध्ये, काहींना मार्गिकेत, काहींना स्वतःच्या खोलीत.

पुढचे काही तास

गच्चीवर जमलेल्या शेकडो लोकांना हेलिकॉप्टरनी उतरवलं. त्यांत जवळच्या नेलिस हवाई तळावरची हेलिकॉप्टरंही होती. सगळी इमारत रिकामी व्हायला दुपार जवळ आली.

मृतांचा आकडा 85. त्यांपैकी 61 जण वरच्या मनोऱ्यात सापडले. आग तिथे पोहोचलीही नव्हती. जखमी सहाशेहून अधिक. पुढे नुकसानभरपाईपोटी 20 कोटी डॉलरांहून अधिक रक्कम मोजली गेली.

10 फेब्रुवारी 1981

तीन महिने पूर्ण व्हायच्या आत त्याच शहरात लास व्हेगास हिल्टन पेटलं. आणखी 8 जण गेले. ती आग लावलेली होती.

1981

नेवाडा राज्याने नवा कायदा केला. एमजीएम ग्रँड त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस पुन्हा उघडलं, तेव्हा स्प्रिंकलर सर्वत्र होते. कायद्याने आधी उभ्या राहिलेल्या उंच हॉटेलांनाही ते बसवायला लावलं. बांधकामाच्या वेळी मिळालेली मंजुरी दाखवून आता सुटका होणार नव्हती.