व्हॉलीबॉल : शिकणाऱ्यांनी शिकवलेला खेळ



शाळेमागे दोन वासे रोवून जाळी बांधली, की संध्याकाळी व्हॉलीबॉल रंगतो. पण कैक गुरुजी विचारतात, "अहो, शिकवणारा कोठून आणायचा?" त्यांच्यासाठी ही हकिगत.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीएचे व्यायामशिक्षक तयार करणारे विद्यालय होते. तेथे शिकलेला विल्यम मॉर्गन जवळच्याच होल्योक गावी व्यायामशाळा चालवू लागला. त्याच्याकडे येत कोण? तर दुकान-कचेरी उरकून आलेली पोक्त मंडळी. बास्केटबॉलची धक्काबुक्की त्यांना झेपेना. म्हणून १८९५ साली मॉर्गनने टेनिसची जाळी साडेसहा फुटांवर टांगली. बास्केटबॉलचा चेंडू जड पडला. त्यातला नुसता ब्लॅडर घ्यावा, तर तो भलताच हलका. शेवटी नवा चेंडू करवून घेतला. खेळाचे नाव ठेवले 'मिंटोनेट'. आपल्याकडे ते कुणाच्या जिभेवर बसले असते कोण जाणे!

पुढच्याच वर्षी मॉर्गन पाच-पाच गड्यांचे दोन संघ घेऊन आपल्या जुन्या विद्यालयात गेला. एका संघाचा कप्तान होल्योकचा नगराध्यक्ष, दुसऱ्याचा आगीच्या बंबवाल्यांचा मुख्य! तेथील प्राध्यापक हॉलस्टेड यांनी पाहिले, की चेंडू भुईला न टेकवता टोलवतात. त्यांनी सुचवले, 'व्हॉली बॉल' म्हणा. मॉर्गनने हाताने लिहिलेले नियम सर्वांपुढे ठेवले. ते तपासायला आणि खेळ शिकवावा कसा हे पाहायला समिती नेमली गेली. म्हणजे मूल शिष्याचे, बारसे गुरूंच्या घरी!

खेळ तेथेच थांबला नाही. चेंडू उंच चढवून द्यायचा आणि दुसऱ्याने तो खाली हाणायचा, ही आज सर्वांना आवडणारी चाल १९१६ च्या सुमारास फिलिपिन्समध्ये पुढे आली. शिकलेल्यांनी शिकवणाऱ्यांना दिलेली ही भेटच म्हणायची.

आपल्याकडे स्प्रिंगफील्डचेच विद्यार्थी हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रासला शारीरिक शिक्षणाचे विद्यालय काढले. तेथे शिकलेले तरुण शाळा-कॉलेजांत जाऊन शिकवू लागले. १९५८ च्या आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुष संघाने कांस्यपदक मिळवले, १९६२ साली रौप्य.

तेव्हा गुरुजी, नियमांचे पुस्तक तुम्ही हाती धरा, आणि चेंडू चढवून द्यायला वरच्या वर्गातली दोन पोरे उभी करा. जाळी साडेसहा फुटांवर बांधलीत तरी हरकत नाही. मॉर्गनने तेवढ्यावरच बांधली होती.