दुसरी प्रत कुठे आहे?



गेल्या काही वर्षांत आपल्या गटांचे हिशोब हळूहळू वहीतून संगणकावर आणि मोबाइलवर गेले. मासिक बचत, अंतर्गत कर्ज, व्याज, दंड, हजेरी, सगळं आता फाइलीत असतं. काम हलकं झालं. बेरीज चुकत नाही, आणि लेखापरीक्षणाच्या आदल्या रात्री कंदिलाखाली बसून आकडे जुळवावे लागत नाहीत. पण एक प्रश्न बैठकीत फारसा कुणी विचारत नाही. ही फाइल उद्या गेली, तर दुसरी प्रत कुठे आहे?

संगणकाच्या भाषेत या दुसऱ्या प्रतीला बॅकअप म्हणतात. शब्द नवा आहे, पण त्यामागची अडचण फार जुनी आहे. आज मी तुम्हाला त्या अडचणीचा इतिहास सांगणार आहे. त्यासाठी आपण आधी आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी जाऊ, मग अमेरिकेतल्या वॉशिंग्टन शहरात, आणि शेवटी तिथल्याच एका कार्टून चित्रपटाच्या कंपनीत.

सुपे हे त्या काळी बाजारपेठेचं मोठं गाव. दुकानदार आणि सावकार तिथे राहायचे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या वेळी इथल्या कापसाला चांगला भाव आला होता आणि सावकारही हात सैल सोडून कर्ज देत होते. १८६५ मध्ये ते युद्ध संपलं, भाव पडला, आणि कर्ज मात्र डोक्यावर राहिलं. त्यात सरकारने शेतसारा वाढवला.

हे कर्ज लिहिलेलं कुठे असायचं? सावकाराच्या वहीत, आणि सावकाराच्याच पेटीतल्या कर्जरोख्यात. शेतकऱ्याजवळ काहीच नसायचं. १८५९ च्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षं ठरवली होती. व्याज साचत जाऊ नये असा त्यामागचा हेतू. सावकारांनी त्यातून वाट काढली. तीन वर्षं झाली की जुनी मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवा रोखा लिहायचा, आणि त्यावर शेतकऱ्याचा अंगठा घ्यायचा. पैसे फेडले तरी पावती मिळत नाही, रोख्यात खोटे आकडे घालतात, अशा तक्रारी शेतकऱ्यांनी पुढे चौकशी आयोगासमोर केल्या. पण फेडले म्हणून दाखवायचं कशाच्या जोरावर? हिशोबाची एकच प्रत होती, आणि ती समोरच्याच्या कुलपात होती.

१२ मे १८७५ या दिवशी आसपासच्या गावांतले शेतकरी सुप्यात जमले आणि त्यांनी सावकारांकडे वह्या आणि रोखे मागितले. हाती आले ते कागद त्यांनी जाळले. धान्याची दुकानं लुटली, काही ठिकाणी घरंही पेटवली. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. लोकांचा रोख कागदांवर होता, कारण सगळं कर्ज त्या एकाच कागदावर उभं होतं. तो जळला की पुरावा संपला. म्हणजे एकच प्रत असणं शेतकऱ्याला घातक होतं, आणि शेवटी सावकारालाही घातकच ठरलं.

यानंतर चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देण्यासाठी कायदा झाला. त्यातली दोन कलमं आपल्या आजच्या विषयाची आहेत. एक, शेतकऱ्याचा दस्तऐवज गावाच्या निबंधकासमोर लिहायचा, म्हणजे त्याची नोंद सावकाराच्या पेटीबाहेर, सरकारी दप्तरात राहील. दुसरं, शेतकऱ्याने पैसे भरले की त्याला पावती मिळाली पाहिजे, हिशोबाचा उतारा मिळाला पाहिजे, मागितलं तर पासबुकात नोंद करून मिळाली पाहिजे. या कायद्याने कर्जबाजारीपणा संपला नाही, पळवाटाही निघाल्या. पण हिशोबाची नोंद दोन्ही बाजूंच्या हातात हवी, हे तत्त्व कायद्यात आलं. आपल्या गटात प्रत्येक बाईच्या हातात तिचं पासबुक असतं, ते याच तत्त्वावर.

आता अमेरिकेत जाऊ. तिथे दर दहा वर्षांनी जनगणना होते. १८९० च्या जनगणनेत सव्वासहा कोटींहून जास्त माणसं मोजली गेली. एवढी मोजणी हाताने करायची तर वर्षानुवर्षं गेली असती. हर्मन हॉलरिथ नावाच्या माणसाने त्यासाठी एक यंत्र बनवलं. प्रत्येक माणसाची माहिती पुठ्ठ्याच्या कार्डावर भोकं पाडून नोंदवायची आणि ती कार्डं यंत्राने मोजायची. पुढे संगणक बनवणारी आयबीएम ही प्रसिद्ध कंपनी ज्या कंपन्यांतून उभी राहिली, त्यांतली एक याच हॉलरिथची. म्हणून संगणकाचा इतिहास सांगताना ही जनगणना नेहमी येते.

पण त्याच जनगणनेत एक जुनी पद्धत सुटली. आधी अनेक वेळा मूळ यादी राजधानीत जायची आणि तिची एक प्रत स्थानिक कचेरीत राहायची. १८९० मध्ये ही स्थानिक प्रत ठेवण्याचं बंधन राहिलं नाही. घरोघरच्या याद्या, ज्यांत प्रत्येक माणसाचं नाव, वय, जन्मठिकाण होतं, त्या राजधानीत जाऊन पडल्या.

१० जानेवारी १९२१ रोजी वॉशिंग्टनमधल्या वाणिज्य खात्याच्या इमारतीत, तळघरात आग लागली. १८९० च्या याद्या तिजोरीच्या खोलीबाहेरच रचून ठेवलेल्या होत्या. सुमारे चौथा हिस्सा जळाला, आणि बऱ्याचशा याद्या आग विझवायला मारलेल्या पाण्याने आणि धुराने खराब झाल्या. उरलेल्या याद्या पुढे बरीच वर्षं तशाच पडून राहिल्या आणि शेवटी १९३३ मध्ये त्या नष्ट करायला परवानगी दिली गेली. आज सव्वासहा कोटींतून सहा हजारांच्या थोडी वर नावं तेवढी शिल्लक आहेत.

आता नीट ऐका. देशाची लोकसंख्या किती, कोणत्या राज्यात किती माणसं, हे आकडे गेले नाहीत. ते आधीच मोजून, छापून झाले होते. गेली ती नावं. १८८० नंतर जन्मलेलं एखादं मूल १९०० च्या आधीच वारलं असेल, तर त्या देशाच्या जनगणनेत ते कुठेच सापडत नाही. ज्यांच्याकडे जमिनीचे कागद होते, मृत्युपत्रं होती, त्यांच्या घराण्याचा माग दुसरीकडून लागतो. नुकतेच बोटीने आलेले मजूर, गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांची मुलंबाळं, यांच्यापैकी कित्येकांची ती एकच नोंद होती.

आपल्या गटाचंही असंच आहे. बँकेत खातं गटाच्या नावाचं असतं. गटाची शिल्लक किती, बँकेचं कर्ज किती, हे बँकेत कधीही कळेल. पण त्या शिलकीतले शांताबाईचे किती आणि रुक्मिणीबाईचे किती, कुणी अंतर्गत कर्ज घेतलं, कुणाचे हप्ते फिटले, हे बँकेला माहीत नसतं. ते फक्त आपल्या नोंदीत असतं. ती नोंद गेली की बेरीज उरते आणि नावं जातात. मग भांडणात कुणाचा आवाज चालतो? जिला लिहिता येतं, जिचं घर मोठं आहे, तिचा. आणि जिने मजुरी करून दर महिन्याला शंभर-शंभर रुपये टाकले, तिच्याकडे शपथ घेण्यावाचून काही राहत नाही. पंचसूत्रीत हिशोब नियमित लिहिणं हे एक सूत्र आहे. तो हिशोब टिकवणं हाही त्याच सूत्राचा भाग आहे.

तिसरी गोष्ट खुद्द संगणकाची. तुमच्या मुलांनी टॉय स्टोरी हा खेळण्यांचा कार्टून चित्रपट पाहिला असेल. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात पिक्सार कंपनीत त्याचा दुसरा भाग तयार होत होता. सगळा चित्रपट संगणकात. एक दिवस कुणाकडून तरी फाइली पुसण्याची आज्ञा चुकीच्या जागी दिली गेली. पडद्यासमोर बसलेल्या लोकांच्या डोळ्यांदेखत वूडी या मुख्य बाहुल्याची टोपी गायब झाली, मग बूट, मग तो पूर्णच. यंत्रांच्या तारा खेचून काढेपर्यंत चित्रपटाचा सुमारे ९० टक्के भाग पुसला गेला होता.

लोक घाबरले, पण फार नाही. कारण कंपनीत रोज बॅकअप घेतला जात होता. मात्र तो परत भरायला गेले तेव्हा कळलं की बॅकअप साधारण महिनाभर नीट घेतलाच जात नव्हता. साठवण्याची जागा भरली होती, यंत्राकडून इशारा मिळत नव्हता, आणि आधी घेतलेली प्रत उघडून कुणी पाहिली नव्हती. वही कपाटात आहे म्हणून निर्धास्त राहावं आणि उघडल्यावर वाळवी निघावी, तसं झालं.

तेव्हा गॅलिन सुसमन यांना आठवण झाली. त्या या चित्रपटाच्या तांत्रिक कामाच्या प्रमुखांपैकी एक होत्या. त्यांना नुकतंच बाळ झालं होतं, म्हणून त्या घरून काम करत होत्या, आणि त्यासाठी चित्रपटाची प्रत त्यांच्या घरच्या संगणकावर अधूनमधून उतरवली जात होती. गाडी काढून लोक त्यांच्या घरी गेले. तो संगणक गोधड्यांत गुंडाळला, गाडीच्या मागच्या सीटवर पट्ट्याने बांधला, आणि हळूहळू चालवत कंपनीत आणला. त्यातली प्रत काही दिवसांची जुनी होती, पण चांगली होती. मग हजारो फाइली माणसांनी एकेक करून तपासल्या आणि काम परत उभं केलं. पुढे कथेत बरेच बदल झाले आणि नोव्हेंबर १९९९ मध्ये तो चित्रपट आला.

एवढ्या मोठ्या कंपनीची मेहनत वाचली ती एका बाळंतिणीच्या घरच्या संगणकामुळे. पण ती प्रत बॅकअप म्हणून कुणी मुद्दाम ठेवलेली नव्हती. तो नशिबाचा भाग होता. आपल्याला नशिबावर सोडायचं नाही, पद्धत लावायची आहे.

पद्धत सोपी आहे. जगभर तिला तीन-दोन-एकचा नियम म्हणतात. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकारामुळे तो प्रसिद्ध झाला. महत्त्वाच्या फाइलीच्या एकूण तीन प्रती. त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर. आणि त्यांतली एक तरी दुसऱ्या जागी.

आपल्या गटासाठी याचा अर्थ असा. पहिली प्रत रोजच्या संगणकावर किंवा मोबाइलवर. दुसरी पेनड्राइव्हवर, आणि तो पेनड्राइव्ह दुसऱ्या सदस्याच्या घरी. संगणकाच्याच पिशवीत ठेवला तर पिशवी चोरीला गेल्यावर दोन्ही जातील. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडे पंचगंगा आणि कृष्णेचं पाणी घराघरांत शिरलं. तेव्हा एकाच घरातल्या दोन प्रतींचा काय उपयोग झाला असता? म्हणून ते दुसरं घर गावाच्या उंच भागातलं असलेलं बरं. तिसरी प्रत इंटरनेटवर, गटाच्या ईमेलवर किंवा ड्राइव्हवर. आणि त्याशिवाय, दर बैठकीला प्रत्येकीच्या पासबुकात हाताने नोंद. वीज नसली, रेंज नसली, तरी ती वाचता येते.

तीन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. पहिली, पेनड्राइव्ह कायम जोडून ठेवू नका. काही व्हायरस संगणकातल्या फाइलींना कुलूप लावतात आणि सोडवायला पैसे मागतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या अशा व्हायरसने दीडशेच्या आसपास देशांत गोंधळ घातला होता. जोडलेला पेनड्राइव्ह असेल तर तोही त्यात सापडतो. प्रत घेतली की काढून ठेवायचा.

दुसरी, मोबाइल आणि इंटरनेट यांची फाइल आपोआप जुळत राहते, तो पूर्ण बॅकअप नव्हे. इथे पुसलं तर तिथेही पुसलं जातं. म्हणून दर महिन्याची प्रत वेगळ्या नावाने ठेवा. जून महिन्याची वेगळी, जुलैची वेगळी. जुलैच्या फाइलीत गडबड झाली तरी जूनची हातात राहील.

तिसरी, आधार आणि बँकेचे क्रमांक असलेल्या प्रती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. गटाच्या खात्याचा पासवर्डही एकीच्याच डोक्यात नको. तो लिहून, पाकीट बंद करून अध्यक्षताईंकडे द्या. सचिवताई माहेरी गेल्या, आजारी पडल्या, म्हणून गटाचा हिशोब अडू नये.

पिक्सारच्या गोष्टीतून घ्यायचं ते हे, की प्रत घेणं हे अर्धंच काम आहे. महिन्यातून एकदा तो पेनड्राइव्ह दुसऱ्याच संगणकात लावा, फाइल उघडा, आणि कोणत्याही एका बाईचं नाव काढून तिची बचत तिच्या पासबुकाशी ताडून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे. दर वेळी वेगळ्या सदस्याने करावं, म्हणजे ते सगळ्यांना येईल.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत हजेरी झाली, बचत जमा झाली, की एक विषय इतिवृत्तात लिहून घ्या. आपल्या हिशोबाच्या प्रती किती, कुणाकडे, आणि शेवटची कधी उघडून पाहिली. तीन नावं आणि एक तारीख लिहिता आली, तर तुमचा गट सुरक्षित आहे. नाही लिहिता आली, तर त्याच बैठकीत ठरवून उठा.