पेटी बंद ठेवायची की उघडी? बॅटरी कंटेनरच्या तीन गोष्टी

घरी इन्व्हर्टर बसवायला येणारा माणूस एक गोष्ट हमखास सांगतो: बॅटरी कपाटात कोंडू नका, हवा खेळती राहू द्या. या सल्ल्यामागे दीडशे वर्षांचा अनुभव आहे. गॅस्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये शिसे-आम्ल बॅटरी बनवली आणि पुढे ती टेलिफोन एक्स्चेंजपासून पाणबुडीपर्यंत सगळीकडे पोचली. ही बॅटरी पूर्ण चार्ज होत आली की आतल्या पाण्याचं विघटन होतं, हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात. हवेत हायड्रोजन ४ टक्क्यांच्या वर गेला की एक ठिणगी पुरते. म्हणून बॅटरीच्या खोलीचा नियम सोपा होता: आतली हवा बाहेर गेली पाहिजे.

मग लिथियम-आयन आली. १९९१ मध्ये सोनीने ती बाजारात आणली. हा सेल सीलबंद असतो, रोजच्या वापरात वायू सोडत नाही. त्यामुळे खोलीला खिडकी हवी ही गरजच संपली असं वाटू लागलं. उरली चिंता तापमानाची. उन्हात तापलेल्या लोखंडी कंटेनरमध्ये सेलचं आयुष्य झपाट्याने घटतं. उपाय म्हणून दारं घट्ट बंद करायची, धूळ बाहेर ठेवायची, आत एसी लावायचा. इथे एक फरक नजरेआड झाला. हवा थंड करणं आणि हवा बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत. एसी बहुतेक वेळा आतलीच हवा फिरवत राहतो.

पहिली गोष्ट दक्षिण कोरियाची. तिथे ऑगस्ट २०१७ ते मे २०१९ या काळात वीज साठवणाऱ्या बॅटरी प्रकल्पांना २३ आगी लागल्या. सरकारी समितीने जून २०१९ मध्ये चार कारणं सांगितली. त्यातलं एक कारण होतं, प्रकल्प चालवताना आजूबाजूच्या परिस्थितीची नीट काळजी न घेणं. डोंगरात आणि समुद्रकाठी दिवसरात्रीच्या तापमानात मोठा फरक पडतो. आत दव धरतं, वाळतं, पुन्हा धरतं; त्यावर धूळ बसते आणि विद्युतरोधन कमकुवत होतं. म्हणजे इथे बाहेरचं हवामान पेटीत शिरलं होतं. पण नंतर आणखी पाच आगी लागल्या. दुसऱ्या समितीने फेब्रुवारी २०२० मध्ये त्यातल्या चार ठिकाणी बॅटरीकडेच बोट दाखवलं. बॅटरी बनवणाऱ्यांनी ते मान्य केलं नाही.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाची. सरप्राइज नावाच्या गावात एपीएस या वीज कंपनीचा मॅकमिकन प्रकल्प होता, २ मेगावॉट क्षमतेचा. १९ एप्रिल २०१९ रोजी संध्याकाळी पाचच्या सुमारास एका रॅकमधलं व्होल्टेज अचानक घसरलं. धूर ओळखून आग विझवणारा वायू आपोआप सुटला. यंत्रणेने तिचं काम केलं, पण ते काम ज्वाळा विझवण्याचं होतं. सेलच्या आतली साखळी अभिक्रिया, म्हणजे थर्मल रनअवे, अशा वायूने थांबत नाही. एका सेलची उष्णता शेजारच्याला, त्याची पुढच्याला. प्रत्येक सेलमधून हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन वायू बाहेर पडत राहिले. त्यांना जायला वाट नव्हती.

सुमारे तीन तासांनी अग्निशमन दलाच्या जवानांनी दार उघडलं. काही मिनिटांत स्फोट झाला. चार जण गंभीर जखमी झाले. त्यांच्या चुकीमुळे हे झालं असं म्हणणं अन्यायाचं ठरेल, कारण आत वायू साठलाय का हे बाहेरून कळायची सोय नव्हती आणि अशा वेळी आत कसं जायचं हे आपत्कालीन आराखड्यात नव्हतं. डीएनव्ही जीएल या संस्थेच्या २०२० च्या अहवालात वायू बाहेर काढण्याची सोय नसणं हे कारण स्पष्ट नोंदलं आहे. पहिला सेल का बिघडला यावर मात्र वाद राहिला. अहवालाने सेलच्या आतल्या दोषाला जबाबदार धरलं, तर सेल पुरवणाऱ्या कंपनीने बाहेरून उष्णता मिळाली असावी असा प्रतिवाद केला.

इथवर वाचून वाटेल, उत्तर सोपं आहे, पेटीला झरोके ठेवा. म्हणून तिसरी गोष्ट. ३० जुलै २०२१, ऑस्ट्रेलियात जिलाँगजवळचा व्हिक्टोरियन बिग बॅटरी प्रकल्प. चाचण्या चालू असताना एका मेगापॅकने पेट घेतला. त्याच्या शीतकरणाचा द्रव गळून आत विद्युत बिघाड झाला होता. छतावर दाब बाहेर सोडणारे झरोके होते, त्यामुळे स्फोट झाला नाही. पण त्या दिवशी वारा २० ते ३० नॉट, म्हणजे ताशी साधारण ३७ ते ५६ किलोमीटर होता. वाऱ्याने ज्वाळा शेजारच्या मेगापॅकच्या छतावर लोटल्या. तिथले झरोके प्लास्टिकचे होते. ते पेटले आणि आग त्या वाटेने आत शिरली. कुणाला इजा झाली नाही, पण दोन्ही मेगापॅक गेले. प्रमाणित आगचाचणी ज्या वाऱ्यात झाली होती त्याची मर्यादा ताशी १२ मैल, म्हणजे सुमारे १९ किलोमीटर होती. पुढे झरोक्यांवर उष्णतारोधक पोलादी कवच बसवण्यात आलं.

आता तिन्ही गोष्टी शेजारी ठेवा. कोरियात नको ते आत शिरलं. अ‍ॅरिझोनात नको ते आतच राहिलं. जिलाँगमध्ये बाहेर जाण्याची वाटच आत येण्याची वाट झाली. झरोका चांगला की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. झरोका कशासाठी, कोणत्या वायूसाठी आणि किती वाऱ्यात, असं विचारावं लागतं.

तुम्ही बॅटरीवर संशोधन करणार असाल तर यातून दोन सवयी घ्या. पहिली, अपघाताचा अहवाल वाचताना ‘सुरुवात कशाने झाली’ आणि ‘एवढी मोठी का झाली’ हे दोन प्रश्न वेगळे लिहा. मॅकमिकनच्या पहिल्या प्रश्नावर तज्ज्ञांचं एकमत नाही, तरी दुसऱ्यावरून पुढचं डिझाइन सुधारता येतं. दुसरी, कुठल्याही चाचणीचा निकाल वाचण्याआधी तिची परिस्थिती वाचा: तापमान किती, आर्द्रता किती, वारा किती. मग स्वतःला विचारा, हीच पेटी मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात किंवा जुलैत रत्नागिरीच्या पावसात ठेवली तर? प्रयोगशाळेतल्या २५ अंशांत मिळालेलं उत्तर तिथे जसंच्या तसं लागू पडेल असं धरून चालू नका. तिथून पुढचं काम आपलं आहे.