अर्धे मुंडन, शाईची बाटली आणि सतरा टॅब : चालढकलीचा अल्प इतिहास (थ्रेड)

१/
प्रबंधाचे प्रकरण उघडलेले असते, कर्सर लुकलुकत असतो आणि तासाभराने पाहावे तो एक वाक्यही पुढे सरकलेले नसते. उघड्या टॅबची संख्या मात्र चारावरून सतरावर गेलेली असते. यावर ‘आजच्या पिढीला एकाग्रताच नाही’ हा निवाडा आपण सर्वांनी ऐकला आहे. अनेक विद्यार्थी तो खरा मानतात आणि स्वतःला संशोधनास अपात्र ठरवून मोकळे होतात. हा निवाडा इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकतो, ते या थ्रेडमध्ये पाहू.

२/
प्रारंभ अथेन्सपासून करू. इ.स.पू. चौथ्या शतकातील डेमॉस्थेनीस हा प्राचीन ग्रीसमधील अग्रगण्य वक्ता. प्लुटार्कने लिहिलेल्या त्याच्या चरित्रात एक प्रसंग येतो. वक्तृत्वाचा सराव करण्यासाठी त्याने जमिनीखाली एक अभ्यासिका करून घेतली होती. तेथे तो कधी कधी सलग दोन-तीन महिने राहत असे. बाहेर जाण्याचा मोह झाला तरी जाता येऊ नये म्हणून तो डोक्याची एकच बाजू भादरून घेई. अशा अवतारात चारचौघांसमोर जाण्याची लाज हाच त्याचा पहारेकरी!

३/
येथे स्रोताविषयी सावध राहायला हवे. प्लुटार्क डेमॉस्थेनीसनंतर सुमारे चारशे वर्षांनी लिहीत होता, त्यामुळे अर्ध्या मुंडनाचा तपशील अक्षरशः घेण्याचे कारण नाही. पण कथेतील तर्क लक्षात घ्या. हा मनुष्य ‘मी मन घट्ट करीन’ असे म्हणत नाही. पुढे आपले मन डगमगणार हे तो गृहीत धरतो आणि संकल्प मोडणेच अवघड करून ठेवतो.

४/
मग प्रश्न असा की, आजूबाजूचे सारे मोह दूर केले तर मन स्थिर होते का? याचे उत्तर इजिप्तच्या वाळवंटात सापडते. इ.स.च्या चौथ्या शतकात तेथे ख्रिस्ती तपस्वी एकान्तातील कोठड्यांत राहत. त्यांपैकी इव्हाग्रियस (मृत्यू इ.स. ३९९) याने मनाच्या ज्या विकारांचे वर्णन केले, त्यांत ‘अकेडिया’ हा एक होता. कंटाळा, अस्वस्थता आणि कामाविषयीचा वीट यांचे हे मिश्रण. भर दुपारी ते तपस्व्याला ग्रासते. दिवस पन्नास तासांचा वाटू लागतो. तो वारंवार खिडकीकडे पाहतो, बाहेर येऊन जेवणाच्या वेळेला किती अवकाश आहे हे सूर्यावरून अजमावतो, कोणी बांधव भेटायला येतो आहे का ते न्याहाळतो.

५/
अकेडियाने ग्रासलेल्या वाचकाचे त्याने केलेले वर्णन तर आपलेच वाटावे. हा तपस्वी जांभया देतो, डोळे चोळतो, भिंतीकडे टक लावून बसतो. पुन्हा थोडे वाचतो आणि मग पोथीची किती पाने उरली ते मोजू लागतो. हस्ताक्षराला नावे ठेवतो. अखेरीस पोथी मिटून डोक्याखाली घेतो आणि झोपी जातो. त्या कोठडीत ना मोबाइल होता, ना नोटिफिकेशन. पाने मोजण्याची सवय मात्र सोळाशे वर्षांपूर्वीही हीच होती.

६/
म्हणजे केवळ एकान्ताने काम भागत नाही. इव्हाग्रियसने सुचवलेला उपाय साधा आहे : कोठडी सोडू नये, आणि प्रत्येक कामाचे एक माप स्वतःला आधीच ठरवून द्यावे; ते पुरे होईपर्यंत थांबू नये. ‘आज पुष्कळ वाचायचे’ हे माप नव्हे. ‘ही इतकी पाने’ हे माप. बाहेरचा मोह अडवणे हा उपायाचा अर्धा भाग. कामाला शेवट नेमून देणे हा उरलेला अर्धा.

७/
आता पॅरिस, १८३०. व्हिक्तोर ह्यूगोने ‘नोत्र दाम’वरील कादंबरी लिहून देण्याचा करार १८२८ मध्येच केला होता, पण नाटके आणि इतर उद्योग यांत ती मागे पडत गेली. प्रकाशकाचा संयम संपला. नवी मुदत ठरली, विलंबाबद्दल दंडही ठरला. त्यातच जुलै १८३० ची क्रांती उसळली आणि मुदत आणखी एकदा वाढवून घ्यावी लागली. आता अखेरची तारीख होती १ फेब्रुवारी १८३१.

८/
पुढची कथा समाजमाध्यमांवर नेहमी फिरते : ह्यूगो म्हणे विवस्त्र होऊन लिहीत बसला. त्याच्या पत्नीने लिहिलेला वृत्तान्त वेगळा आहे. ह्यूगोने शाईची एक बाटली आणि नखशिखान्त झाकणारा राखाडी लोकरीचा पेहराव विकत आणला. बाहेर जाण्याचे कपडे त्याने कुलुपात ठेवले आणि एखाद्या तुरुंगात शिरावे तसा तो कादंबरीत शिरला. तेव्हा विवस्त्र नव्हे, चांगला उबदार कपड्यांत! जानेवारी १८३१ च्या मध्यास कादंबरी पूर्ण झाली, म्हणजे मुदतीच्या आधीच. डेमॉस्थेनीसची युक्ती येथे नव्या रूपात दिसते. भर पडली ती मुदतीची आणि दंडाची.

९/
विसावे शतक यंत्रांचे, म्हणून उपायही यांत्रिक. विज्ञानकथांच्या क्षेत्रात पुढे ज्याच्या नावाने ‘ह्यूगो पुरस्कार’ सुरू झाला, तो अमेरिकी संपादक ह्यूगो गर्न्सबॅक. (मघाचा ह्यूगो निराळा.) १९२५ मध्ये आपल्या मासिकात त्याने ‘आयसोलेटर’ नावाचे शिरस्त्राण मांडले. ते आवाज रोखणारे होते. डोळ्यांसमोरच्या काचा काळ्या केलेल्या. त्यांत फक्त बारीक फटी ठेवलेल्या, म्हणजे कागदावरची एखादीच ओळ दिसावी. श्वासासाठी प्राणवायूची नळी. छायाचित्र पाहून हसू येते. पण ते घालणाऱ्या माणसाची अडचण आपल्या ओळखीची आहे.

१०/
दुसऱ्या महायुद्धात हा प्रश्न जीवनमरणाचा झाला. ब्रिटिश हवाई दलाचे रडारचालक पाणबुड्यांच्या शोधात तासन्‌तास पडद्याकडे पाहत आणि थकल्यावर संकेत त्यांच्या नजरेतून निसटत. मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ याने यासाठी एक चाचणी रचली. घड्याळासारख्या तबकडीवर काटा एकेक टप्पा पुढे सरके. क्वचित तो दुप्पट उडी घेई आणि ती उडी टिपायची. पहिल्या अर्ध्या तासानंतर नजरचुका ठळकपणे वाढल्या. त्याचे निष्कर्ष १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. पडद्यावर सलग लक्ष ठेवण्याला मर्यादा आहे, हे येथे मोजून दिसले. आणि त्याचा चारित्र्याशी संबंध नव्हता.

११/
तर मग संगणकाने नवे काय आणले? डेमॉस्थेनीसला जिना चढून वर जावे लागे. ह्यूगोला कपडे चढवावे लागत. मोह आणि काम यांच्यात काही अंतर होते. संगणकात दोन्ही एकाच पडद्यावर आले. १९९० मध्ये ‘विंडोज ३.०’ बरोबर पत्त्यांचा ‘सॉलिटेअर’ हा खेळही कचेरीच्या टेबलावर पोहोचला. माहिती विपुल झाली की लक्ष दुर्मीळ होते, हा हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्ये मांडलेला विचार पुढे इंटरनेटने रोजच्या अनुभवाचा केला. तेव्हा आपली इच्छाशक्ती पूर्वजांपेक्षा दुबळी आहे असे मानण्यास आधार नाही. अंतर नाहीसे झाले, एवढे मात्र खरे.

१२/
एक उदाहरण आपल्याकडचे. मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारे पां. वा. काणे यांनी ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाची आवृत्ती सिद्ध करताना धर्मशास्त्राचा इतिहास सांगणारी एक प्रस्तावना लिहायचे योजले. विषय प्रस्तावनेत मावेना. १९३० मध्ये स्वतंत्र ग्रंथाचा पहिला खंड आला आणि १९६२ मध्ये, काण्यांच्या वयाच्या ८२व्या वर्षी, पाचव्या खंडाबरोबर काम संपले. पृष्ठे सहा हजारांहून अधिक. पुढल्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले. एवढे काम कोणी एका बैठकीत डोळ्यांसमोर आणले, तर तो लेखणीच खाली ठेवील. ते खंडाखंडाने झाले, म्हणून पार पडले.

१३/
या इतिहासातून संगणकापुढे बसणाऱ्याने काय घ्यावे?
• नाहीसे झालेले अंतर परत आणा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. लेखनासाठी संगणकावर वेगळे खाते करा; त्यात ना समाजमाध्यमे, ना व्हिडिओ.
• कामाला माप द्या. ‘प्रकरण लिहिणे’ हे माप नव्हे. ‘या एका पत्राचे दोनशे शब्दांत टिपण’ हे माप.
• विश्रांती आधीच नेमून ठेवा. फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातील गजरावर हीच पद्धत बसवली : २५ मिनिटे काम, ५ मिनिटे विराम. ‘पोमोदोरो’ म्हणजे टोमॅटो!
• मुदत दुसऱ्या कोणाला तरी सांगा. ह्यूगोला प्रकाशक होता. आपल्याला मित्र किंवा मार्गदर्शक पुरे.

१४/
इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी एक वेगळी सूचना. आपला मोह बहुधा अभ्यासाचाच वेश घेऊन येतो. ‘हा संदर्भ आत्ताच पाहतो’ म्हणून गॅझेटियर उघडावे आणि दोन तासांनी भलत्याच जिल्ह्याच्या महसुलात सापडावे, हे नित्याचे. शेजारी एक कोरा कागद ठेवा. सुचलेला संदर्भ त्यावर टिपा आणि वाक्य पुरे करा. संदर्भ कोठेही पळून जात नाही.

१५/
‘पूर्वीची माणसे एकाग्र होती’ असे कोणी म्हणाले, तर त्याला पाने मोजणारा तो तपस्वी आणि कपडे कुलुपात ठेवणारा तो कादंबरीकार यांची गोष्ट सांगा. आपले मन दगा देणार हे त्यांनी ओळखले आणि तशी तजवीज केली. थ्रेड येथे संपतो. कामातून उठून तो वाचत असाल, तर आता हा टॅब मिटावा आणि मघाशी अर्धवट राहिलेले वाक्य पुरे करावे, ही विनंती.