काचपट्टीवरची बुरशी

२०२१च्या मे महिन्यात म्युकर या बुरशीचे नाव महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचले. करोनातून उठलेल्या माणसाचा गाल दुखू लागे, नाकातून काळपट स्राव येई, वरचे दात हलू लागत, एक डोळा सुजून पुढे येई. आणि काही दिवसांतच जबडा किंवा डोळा काढावा लागेल हे घरच्यांना सांगण्याची वेळ शल्यचिकित्सकांवर येई. २० मे रोजी केंद्र सरकारने राज्यांना हा रोग १८९७च्या साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितले. जूनअखेरपर्यंत देशात चाळीस हजारांहून अधिक रुग्ण आणि तीन हजारांवर मृत्यू नोंदले गेले होते. त्या दिवसांची आठवण अचानक कोसळलेले संकट अशीच सांगितली जाते आणि दोष ॲम्फोटेरिसिन या औषधाच्या न मिळालेल्या कुप्यांना दिला जातो. इतिहास पाहिला तर या दोन्ही गोष्टी अर्ध्याच खऱ्या ठरतात. बुरशीचे गंभीर आजार ओळखण्याची विद्या आणि त्यांवर औषधे करण्याची विद्या या दोन्ही मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात फार लवकर आल्या होत्या. रुग्णाला पाहताक्षणी बुरशीचा संशय घेणारी आणि त्याच दिवशी काचपट्टी तपासून उत्तर देणारी व्यवस्था मात्र आपण कधी उभी केली नाही.

सुरुवात १८६०च्या आसपासच्या मुंबईपासून करावी लागते. हेन्री व्हॅनडाइक कार्टर हे नाव वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते ते ग्रे यांच्या शरीररचनेच्या ग्रंथातल्या चित्रांमुळे. तो ग्रंथ १८५८ साली लंडनमध्ये निघाला तेव्हा त्याचे चित्रकार मुंबईत येऊन पोचले होते आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले होते. इथे त्यांच्यासमोर शेतात अनवाणी राबणाऱ्या माणसांचे पाय येत. सुजून बेढब झालेले, जागोजागी छिद्रे पडलेले, आणि त्या छिद्रांतून पुवाबरोबर बारीक काळे किंवा फिकट दाणे बाहेर पडणारे. मदुरेच्या डॉक्टरांनी हा आजार आधीच टिपला होता, पण तो कशाने होतो याचे उत्तर कोणाकडे नव्हते. कार्टर यांनी दाणे सूक्ष्मदर्शकाखाली घेतले. त्यांना त्यांत बुरशीचे तंतू दिसले आणि हा बुरशीचा रोग आहे असे त्यांनी मांडले. मायसेटोमा हे नाव त्यांनीच दिले. पुढे साताऱ्याला सिव्हिल सर्जन म्हणून राहूनही त्यांनी हा विषय सोडला नाही आणि १८७४ साली त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला तो १८८२ साली, हे लक्षात घेतले तर कार्टर यांचे म्हणणे किती आधीचे होते ते कळते. त्यांच्या नमुन्यांतून वाढलेल्या बुरशीला इंग्लंडमधल्या बर्कली यांनी कार्टर यांचे नाव दिले, आणि ती या रोगाची खरी बुरशी नसल्याचे नंतर ठरले. फिकट दाण्यांपैकी बरेचसे बुरशीचे नसून तंतूंसारख्या वाढणाऱ्या जिवाणूंचे असतात, हेही पुढे उलगडले. तरी दाण्याकडे नीट पाहायचे ही त्यांची मूळ रीत आजही टिकून आहे, कारण जिवाणूचा मायसेटोमा प्रतिजैविकांनी बरा होऊ शकतो आणि बुरशीच्या मायसेटोमाला वेगळे, लांबलचक उपचार लागतात. कार्टर यांच्या काळी मात्र दोन्हींवर एकच उपाय होता, पाय कापणे.

यानंतर बुरशी वैद्यकाच्या नजरेआड गेली, आणि त्याला कारणेही होती. पटकी, मलेरिया आणि १८९६नंतरचा प्लेग माणसे घाऊक मारत होते. बुरशी सावकाश मारत होती, तीही बहुधा गरिबांना. शिवाय धडधाकट माणसाचे रक्त बुरशीला सहसा दाद देत नाही. श्वासाबरोबर तिचे बीजाणू रोज आत जातात आणि पांढऱ्या पेशी ते संपवतात. त्या पेशी दुबळ्या पडल्या की मगच बुरशीला वाट मिळते, आणि विसाव्या शतकात त्या दुबळ्या करण्याचे काम बऱ्याच अंशी वैद्यकाच्या यशानेच केले. इन्सुलिनमुळे मधुमेही दीर्घकाळ जगू लागले, प्रतिजैविकांनी शरीरातले नेहमीचे जिवाणू हटवून कँडिडासारख्या यीस्टला मोकळे रान दिले, आणि कर्करोगाची औषधे, स्टेरॉइड, अवयवरोपण यांनी प्रतिकारशक्ती मुद्दाम खाली आणली. म्युकरचा रोग जर्मन भाषक वैद्यांनी एकोणिसाव्या शतकातच वर्णिला होता. पण त्याचा आजचा ओळखीचा चेहरा, म्हणजे नाकातून डोळ्याकडे आणि डोळ्यातून मेंदूकडे जाणारा मार्ग, १९४३ साली जॉन्स हॉपकिन्सच्या नियतकालिकात ग्रेगरी व सहकाऱ्यांनी तीन रुग्णांवरून मांडला. तिघेही अनियंत्रित मधुमेहाचे. साखर हाताबाहेर जाऊन रक्त आम्लयुक्त झाले की प्रथिनांना बांधलेले लोह सुटे होते, आणि या बुरशीला नेमके तेच हवे असते. त्याच वेळी पांढऱ्या पेशीही मंदावतात. भारतासाठी ही माहिती अत्यंत मोलाची होती, कारण पुढच्या अर्धशतकात मधुमेह हा इथला घरोघरचा आजार होणार होता.

औषधांचा इतिहास त्यामानाने उजळ आहे. बुरशीवरचे औषध शोधणे जिवाणूवरच्या औषधापेक्षा अवघड, कारण बुरशीची पेशी घडणीने आपल्या पेशीच्या बरीच जवळ असते. नेमका फरक सापडला तो पेशीच्या आवरणात. आपल्या आवरणात कोलेस्टेरॉल असते, तर बुरशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल. १९५० साली न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य विभागातल्या एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन यांनी व्हर्जिनियातल्या एका शेताच्या मातीतून नायस्टॅटिन मिळवले. त्याचे स्वामित्वशुल्क दोघींनी स्वतःकडे न ठेवता संशोधनाला देऊन टाकले. तोंडातल्या आणि त्वचेवरच्या कँडिडाला ते पुरे पडले, पण शिरेतून देता येत नव्हते. पाच-सहा वर्षांत स्क्विब कंपनीच्या संशोधकांना व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीत ॲम्फोटेरिसिन बी सापडले. ते अर्गोस्टेरॉलला चिकटून बुरशीचे आवरण निकामी करते, पण कोलेस्टेरॉललाही काही प्रमाणात चिकटते. त्यामुळे थंडी-ताप भरतो आणि मूत्रपिंडे दुखावतात. जीवघेण्या बुरशीपासून माणूस वाचवणारे पहिले खरे औषध म्हणून ते जगभर वापरात आले, तरी डॉक्टर ते हाती घेत ते धास्तावूनच.

या कथेतला पुढचा टप्पा पिंपरीचा आहे, आणि मराठी वाचकाला तो माहीत नसावा याची खंत वाटते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली उभा राहिलेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना पेनिसिलिनसाठी ओळखला जातो. पण तिथे संशोधनाचाही एक जिवंत विभाग होता आणि त्यात मा. जी. तिरुमलाचार यांच्यासारखे मुळात बुरशीशास्त्राचे अभ्यासक होते. १९६१ साली त्यांनी हॅमायसिन जाहीर केले. औषधाचे नाव कारखान्याच्या आद्याक्षरांवरून, आणि ते निर्माण करणाऱ्या सूक्ष्मजीवाचे नाव पिंपरीवरून, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. तोंडातल्या आणि योनिमार्गाच्या संसर्गांवर ते वापरले गेले, अमेरिकेत ब्लास्टोमायकोसिससारख्या खोल संसर्गांवरही आजमावले गेले. याच कारखान्यातले ऑरिओफंजिन पिकांवरच्या बुरशीसाठी कामी आले. गंभीर रुग्णासाठी ॲम्फोटेरिसिनची जागा हॅमायसिनने कधी घेतली नाही, हे खरे. पण स्वातंत्र्यानंतर दीड दशकाच्या आत एका सार्वजनिक कारखान्यात बुरशीविरोधी नवे औषध निघते, ही गोष्ट आपल्याकडे शास्त्र नव्हते हा समज खोडून काढायला पुरेशी आहे. दुसरा पुरावा परळचा. ॲम्फोटेरिसिन मेदाच्या सूक्ष्म पुटिकांत बांधले तर मूत्रपिंडांचा त्रास कमी होतो, हे १९८०च्या दशकात स्पष्ट झाले. परदेशी लायपोसोमल औषधाची किंमत मात्र आपल्या रुग्णांच्या आवाक्याबाहेर होती. तेव्हा केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि दिल्ली विद्यापीठात बिमलकुमार बच्छावत यांच्या गटांनी मिळून देशी लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन तयार केले, रुग्णांवर तपासले, आणि ते बाजारातही आले.

म्हणजे औषधाच्या बाजूने आपण दोनदा जगाच्या बरोबरीने चाललो. निदानाच्या बाजूने मात्र आपण दुसऱ्यांच्या गरजांमागे गेलो. युरोप-अमेरिकेत बुरशीचा मोठा बळी म्हणजे रक्ताचा कर्करोग झालेला किंवा रोपण केलेला रुग्ण, आणि त्याची शत्रू ॲस्परजिलस किंवा कँडिडा. म्हणून तिथे गॅलॅक्टोमॅनन आणि बीटा-डी-ग्लुकॅन या रक्ताच्या तपासण्या विकसित झाल्या. त्या उत्तम आहेत, पण म्युकर वर्गातल्या बुरशीला त्या दोन्ही पकडत नाहीत. ॲस्परजिलसवरचे पहिल्या पसंतीचे औषध व्होरिकोनॅझोल, तेही म्युकरवर चालत नाही. इथला मधुमेही रुग्ण महागडी तपासणी करून घेतो, ती निर्दोष येते, आणि त्याच वेळी बुरशी त्याच्या डोळ्यामागे पोचत असते. त्याला उपयोगी पडते ती जुनीच तपासणी. नाकातल्या काळवंडलेल्या भागाचा तुकडा घ्यायचा, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, माणसाच्या पेशी विरघळू द्यायच्या आणि उरलेले तंतू पाहायचे. रुंद, फितीसारखे, पडदे जवळपास नसलेले आणि काटकोनात फुटलेले तंतू म्युकरचे. बारीक, पडद्यांचे, तिरप्या कोनात फुटलेले तंतू ॲस्परजिलसचे. सरावलेल्या डोळ्याला हे तासाभरात सांगता येते, आणि औषध कोणते द्यायचे ते त्यावर ठरते.

यावर पहिला आक्षेप असा येतो की २०२१ हे वर्षच अपवादाचे होते. करोना आणि बेसुमार स्टेरॉइड नसते तर हे घडले नसते. स्टेरॉइडचा वाटा मोठा होता यात शंका नाही. नोंदलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांना ती मिळाली होती. पण जवळजवळ दोन तृतीयांश रुग्ण मधुमेही होते, आणि मधुमेह्यांमधला म्युकर करोनाच्या कितीतरी आधीपासून वाढत होता. चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत डॉ. अरुणालोक चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी याची नोंद वर्षानुवर्षे ठेवली. त्या एकाच रुग्णालयात १९९०च्या दशकात वर्षाला सरासरी तेराएक रुग्ण येत. २००० ते २००४ या काळात ही सरासरी पस्तिसाच्या वर गेली, आणि २००६-०७ पर्यंत पन्नासावर. हे आकडे छापून प्रसिद्ध झालेले होते. धोक्याची सूचना दीड दशक आधी मिळाली होती, आणि तीही देशातल्या एका अग्रगण्य संस्थेकडून.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. निदान झाले तरी औषध नसेल तर काय उपयोग? २०२१मध्ये नातेवाईक शहरा-शहरांतून कुप्यांसाठी फिरले, राज्याने महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार मोफत केले, जूनमध्ये औषधावरचा जीएसटी शून्यावर आला, वर्ध्यात उत्पादन सुरू करावे लागले. ही टंचाई क्रूर होती आणि तिच्यामुळे माणसे गेली. पण औषधाची गरज निदानाच्या वेळेवर अवलंबून असते. म्युकर रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करते, आणि मेलेल्या भागात रक्तच जात नाही तर रक्तातले औषध कुठून पोचणार? म्हणून शस्त्रक्रिया लागते, आणि उशीर जितका जास्त तितका जास्त भाग कापावा लागतो व औषधही जास्त दिवस द्यावे लागते. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांवरील एका अमेरिकी अभ्यासात, ॲम्फोटेरिसिन सुरू व्हायला सहा दिवस किंवा अधिक उशीर झालेल्यांपैकी सुमारे ८३ टक्के रुग्ण बारा आठवड्यांत दगावले. लवकर उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ४९ टक्क्यांच्या आसपास होते. नाकापुरता रोग असताना ओळखलेला रुग्ण टंचाईच्या काळातही कमी कुप्यांत वाचू शकतो. शिवाय नुसत्या संशयावर सर्वांना औषध देत राहिले तर ज्यांना म्युकर नाही त्यांच्याही मूत्रपिंडांवर ताण पडतो आणि खऱ्या रुग्णाच्या वाट्याची कुपी खर्च होते. रुग्ण झपाट्याने खालावत असेल तर अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करायलाच हवे. पण त्याच दिवशी तुकडा घेणे आणि पाहणे याने ते औषध थांबत नाही.

राहिला खर्चाचा आणि मनुष्यबळाचा मुद्दा. जिल्ह्याच्या ठिकाणाबाहेर बुरशी ओळखणारा माणूस कुठून आणायचा, असे विचारले जाते. याचे उत्तर आपल्याच क्षय कार्यक्रमात आहे. थुंकी तपासण्यासाठी त्या कार्यक्रमाने साधारण एक लाख लोकसंख्येमागे एक सूक्ष्मदर्शक केंद्र असा आराखडा आखला आणि तालुक्या-तालुक्यांत तंत्रज्ञ तयार केले. दिवसाकाठी डझनावारी पट्ट्यांतून क्षयाचे बारीक लाल दांडके शोधणाऱ्या माणसाला म्युकरचे रुंद तंतू ओळखणे अवघड नाही, कारण ते कितीतरी पटींनी मोठे असतात. आता क्षयाचे निदान रेणवीय यंत्रांकडे सरकते आहे, त्यामुळे या केंद्रांचा आणि या हातांचा पुढे काय उपयोग करायचा हे आजच ठरवावे लागेल. त्यांना पोटॅशियम हायड्रॉक्साइडची बाटली, थोड्या दिवसांचे प्रशिक्षण, आणि शंका आली तर पट्टीचे छायाचित्र मोठ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञाला पाठवण्याची सोय द्यायला हवी. त्याबरोबरच मधुमेह्याच्या एका बाजूच्या गालदुखीला सायनस म्हणून परत न पाठवणारा डॉक्टर प्राथमिक केंद्रात हवा, कारण तुकडा घ्यायला सुचले नाही तर काचपट्टीवर काही येणारच नाही.