गुरूंच्या झडपा आणि शिष्याचा हिशेब



एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालविल्या जाणाऱ्या या व्याख्यानमालेसाठी मी रुधिराभिसरणाच्या शोधाचा इतिहास निवडला आहे. याचे कारण असे की, या शोधाच्या मुळाशी एक गुरू आणि त्यांचा एक शिष्य आहे, आणि गुरूचे ऋण कसे फेडावे या प्रश्नाचे एक उत्तर मला त्यात सापडते.

आपल्या मराठीतील ‘काळीज’ हा शब्द मोठा विलक्षण आहे. खाटकाच्या दुकानात काळीज मागितले तर यकृत मिळते. आणि भीतीने धडधडते तेही काळीजच! आपल्या प्राचीन वैद्यकातही या बाबतीत एकमत दिसत नाही. चरकसंहिता हृदयाला दहा मोठ्या वाहिन्यांचे मूळ मानते, तर सुश्रुतसंहिता शिरांचे मूळ नाभी असल्याचे सांगते. युरोपात मात्र दुसऱ्या शतकातच या प्रश्नाचा निकाल लागला होता, आणि तो यकृताच्या बाजूने लागला होता.

हा निकाल देणारा वैद्य म्हणजे गेलन. पर्गमॉन येथे जन्मलेला आणि रोममध्ये कीर्ती पावलेला हा पुरुष असामान्य बुद्धीचा होता. रोहिण्यांमध्ये वायू नसून रक्त असते, हे त्यानेच प्रयोगाने दाखविले. परंतु त्याच्या मते अन्नापासून यकृतात रक्त तयार होई, नीलांवाटे ते सर्व अवयवांना पोहोचे आणि तेथेच खर्ची पडे. पाटाचे पाणी शेतात जिरावे तसे ते जिरून जाई. परत येण्याचा प्रश्नच नव्हता. थोडे रक्त हृदयाच्या मधल्या पडद्यातील अदृश्य छिद्रांतून उजवीकडून डावीकडे झिरपते, असेही त्याने सांगितले. ही उपपत्ती सुमारे चौदाशे वर्षे टिकली.

तिला तडे गेले नाहीत असे नाही. दमास्कसजवळ जन्मलेल्या आणि कैरोत वैद्यकी करणाऱ्या इब्न अल्-नफीसने तेराव्या शतकातच लिहून ठेवले होते की, त्या पडद्यात छिद्रे नाहीत आणि रक्त फुप्फुसांतून फिरूनच डाव्या बाजूस येते. त्याच्या ग्रंथाचे हस्तलिखित बर्लिनमध्ये एका इजिप्शियन डॉक्टराच्या नजरेस पडले ते १९२४ साली! सोळाव्या शतकात व्हेसेलियसने त्या छिद्रांविषयी शंका घेतली, आणि १५५९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात रेआल्दो कोलोंबोने फुप्फुसांतील मार्गाचे वर्णन केले. पण उरलेल्या शरीरातील रक्ताचे काय, हा प्रश्न तसाच राहिला.

आता आपण इटलीतील पादुआ विद्यापीठाकडे वळू. तेथे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक होते फॅब्रिसियस. विद्यार्थ्यांना शवविच्छेदन नीट दिसावे म्हणून त्यांच्या काळात उभारलेले लंबवर्तुळाकार प्रेक्षागृह आजही पादुआत पाहावयास मिळते. नीलांच्या आतील झडपांचे त्यांनी बारकाईने निरीक्षण केले आणि १६०३ साली त्यांवर सचित्र पुस्तिका प्रसिद्ध केली. या झडपा कशासाठी? गेलनची उपपत्ती मनात पक्की असल्यामुळे त्यांनी उत्तर दिले की, रक्त एकदम हातापायांकडे धावून तेथे साचू नये म्हणून त्या त्याचा वेग आवरतात. निरीक्षण अचूक, अर्थ मात्र चुकलेला.

याच विद्यापीठातून १६०२ साली वैद्यकाची पदवी घेऊन विल्यम हार्वे हा तरुण इंग्लंडला परतला. गुरूंनी दाखविलेल्या झडपा तो विसरला नाही. पुढे वृद्धापकाळी रॉबर्ट बॉइल यांनी विचारले असता, अभिसरणाची कल्पना आपणास या झडपांवरूनच सुचली असे त्याने सांगितल्याची नोंद आहे. झडपांचे काम रक्त खाली साचू न देणे हे असेल, तर मानेतील नीलांमध्ये त्या खालच्या बाजूस का उघडतात? सर्वच झडपा रक्ताला हृदयाकडे जाऊ देतात आणि उलट येऊ देत नाहीत, हे त्याने ताडले.

पण मला हार्वेचे खरे मोठेपण त्याच्या एका साध्या प्रश्नात दिसते. तो प्रश्न म्हणजे ‘किती?’ हृदयाच्या एका ठोक्याला फक्त अर्धा औंस रक्त बाहेर पडते आणि अर्ध्या तासात हृदय फक्त हजार वेळा ठोके देते, असे त्याने मुद्दाम कमीत कमी धरले. तरी पाचशे औंस, म्हणजे सुमारे पंधरा किलो रक्त होते! एवढे अन्न कोणी अर्ध्या तासात खात नाही आणि एवढे रक्त कोणाच्या अंगातही नसते. मेंढीच्या सबंध शरीरात चार पौंडांहून अधिक रक्त नसते, हे त्याने स्वतः पडताळून पाहिले होते. तेव्हा तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरत असले पाहिजे. आजच्या मोजमापानुसार दर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर, मिनिटाला सुमारे ५ लिटर आणि दिवसाला सुमारे ७,००० लिटर रक्त हृदय पुढे ढकलते. आणि शरीरातील एकूण रक्त असते ते जेमतेम ५ लिटर.

हिशेबाला त्याने प्रयोगाची जोड दिली. दंडाला पट्टी करकचून बांधली की मनगटाची नाडी थांबते आणि हात गार पडतो. पट्टी किंचित सैल केली की खोलवरच्या रोहिणीतून रक्त येते, पण वरवरच्या नीलांतून परत जाऊ शकत नाही. त्या टरारून फुगतात आणि झडपांच्या जागी गाठी दिसू लागतात. १६२८ साली फ्रँकफुर्ट येथे छापलेल्या त्याच्या लहानशा लॅटिन ग्रंथात या प्रयोगाची चित्रे आहेत आणि ती गुरूंच्या पुस्तिकेतील चित्रावरून घेतलेली आहेत. त्या ग्रंथात फॅब्रिसियस यांचा उल्लेख येतो तो पूर्ण आदराने. आणि त्यांचे मत खोडले आहे तेही तितक्याच स्पष्टपणे.

या ग्रंथानंतर हार्वेचे रुग्ण कमी झाले, असे त्याचा समकालीन ऑब्री लिहितो. पॅरिसच्या रिओलाँने कडाडून विरोध केला. त्याला हार्वेने १६४९ साली उत्तर दिले. शिवाय एक दुवा निखळलेलाच होता. रोहिण्यांतील रक्त नीलांत जाते कोठून? हार्वेला तो मार्ग दिसला नव्हता. त्याने तो दिसल्याचा आव आणला नाही. हिशेबाप्रमाणे मार्ग असलाच पाहिजे, एवढेच तो म्हणाला. १६५७ साली तो वारला. १६६१ साली माल्पिघीने सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसातील केशवाहिन्या पाहिल्या आणि वर्तुळ पूर्ण झाले.

मित्रहो, गेलनने न दिसणारी छिद्रे मानली आणि हार्वेने न दिसणाऱ्या वाटा मानल्या. मग दोघांत फरक कोणता, असे कोणी विचारील. गेलनची छिद्रे उपपत्ती सावरण्यासाठी होती. हार्वेच्या वाटा मोजणीतून निघाल्या होत्या, आणि ती मोजणी कोणालाही पुन्हा करून पाहता येत होती. हा फरक ज्या वर्गात शिकविला जातो, तेथील विद्यार्थी आपल्या शिक्षकांनाही ‘किती?’ आणि ‘कशावरून?’ असे विचारतील. ते ऐकून ज्या शिक्षकाला आनंद होतो, त्याचे स्मरण आपण करावे, हेच योग्य होय.